बंद दारांची जबानी

दाजीबा कुलूप लावलेल्या घराशी बोलत असत. तेही चांगलं आदबीनं, पागोटं सारखं करून, जोडे उंबऱ्याखाली काढून. "कोनी हाये काय जी घरात?" असं विचारून जरा थांबत आणि मग कुलपाकडे बघत सरकारचे तीन सवाल घालत. पानी कुठलं भरता? पानी कसं हाये? घरात कोनाचं बरं-वाईट झालं काय? सवाल संपले की कमरेची चंची सोडून एक विडा लावत. तो विडा चघळून होईपर्यंत उत्तराची वाट पाहायची, हा त्यांचा नियम. विडा संपला की "बरं, येतो" म्हणायचं आणि पुढच्या दाराकडे वळायचं.

मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. मी जवळचा तांब्या घेऊन धावलो. त्यांनी दोन घोट घेतले आणि हळूच म्हणाले, "पंत, मधात बोलू नका. ते आठवून राह्यले असतीन."

आजही ते वाक्य आठवलं की मी दाराची कडी नीट लागली आहे ना, ते एकदा उठून बघतो.

आम्ही दोघं अकोल्याच्या कचेरीत कारकून. मी देशावरून नोकरीपायी वऱ्हाडात आलेला आणि लग्न करून पातूरचा जावई झालेला. दाजीबा इथलेच, मोगलाईत मुन्शीगिरी केलेले, माझ्या बापाच्या वयाचे. घरी एकटे. बायको केव्हाच वारलेली, आणि बाकी कोणाविषयी ते कधी बोलत नसत. आमचं काम असं, की सरकारनं रयतेसाठी काही केलं, शाळा म्हणा, दवाखाना म्हणा, विहीर म्हणा, तर काही दिवसांनी तिथं जाऊन पाहायचं, लोकांना त्याचा उपयोग झाला का. आम्ही लिहून द्यायचं, साहेबानं वाचायचं आणि त्यावरून पुढचा हुकूम काढायचा. ऐकायला सोपं वाटतं. दाजीबांबरोबर करून बघा म्हणजे कळेल.

कारण दाजीबांचं एक पालुपद होतं. "अन् जे गेले, त्यांले पुसलं काय?" हे एकदा त्यांच्या तोंडून निघालं की समजायचं, आज जेवण वेळेवर होत नाही.

एका गावी सरकारी शाळा पाहायला गेलो. पोरांनी पाढे धडाधड म्हटले. मास्तर खूश, साहेब खूश, आणि पाटलाच्या घरातून पुरणाचा वास येत होता म्हणून मीही खूश. दाजीबा मात्र पाढे ऐकता ऐकता भिंतीजवळच्या मोकळ्या जागेकडे बघत बसलेले. "इथं कोन बसे?" मास्तर म्हणाले, "दोनचार पोरं येत नाहीत अलीकडे." झालं. म्हातारा उठला आणि भर उन्हात शेतात गेला, कापूस वेचणाऱ्या पोरांच्या मागे मागे सऱ्यांमधून हिंडत राहिला. पोरं काय बोलली ते मला ठाऊक नाही, मी बांधावर भुकेनं कावलो होतो. पण पुढच्या साली वेचणीच्या दिवसांत शाळा भल्या सकाळी भरून लवकर सुटायला लागली आणि भिंतीजवळची जागा भरली, एवढं खरं.

कीर्तनाला गेले तर बुवांचं आख्यान रंगात आलेलं असताना हे बाहेर. कोणी मधूनच उठून निघाला की त्याच्या मागे धावत जायचे. "कावून उठले जी? कंटाळा आला काय?" तो बिचारा आडोशाला निघालेला असायचा. माझ्या घरी जेवायला बसले आणि बायकोनं विचारलं, "भाजी बरी झाली का?" तर म्हणाले, "मी बसून खाऊन राह्यलो, मी बरीच म्हनन. जो उठून गेला असन त्याले पुसा." माझ्या घरात मी आणि हे, दोघेच जेवायला. उठून कोण जाणार? तरी बायको एकदा ओसरीत डोकावून आली. नंतर मला म्हणाली, "पुन्हा त्यांना आणाल तर दिवसाउजेडी आणा."

आता मूळ गोष्टीकडे येतो. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि तिच्यामुळे आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला अशी काही तेजी आली की लोकांना काय करू अन् काय नको झालं. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. ज्याच्या अंगात बळ होतं तो अमरावतीच्या कापसाच्या बाजारात कामाला पळाला. आगगाडी अजून यायची होती, त्यामुळे सगळा माल बैलगाड्यांवर. अकोला-अमरावतीच्या वाटेवर गाड्यांच्या रांगा लागत आणि त्या गाड्यांबरोबर पटकीही हिंडू लागली. सकाळी धडधाकट असलेला माणूस दिवे लागायच्या आत आटपायचा.

म्हणून सरकारनं त्या वाटेवर गाड्यांना उतरायला तळ नेमून दिले आणि प्रत्येक तळावर नवी विहीर खोदली. गाडीवाल्यांनी वाटेल त्या ओढ्याचं पाणी पिऊ नये, हा हेतू. हेतू चांगलाच होता. आता साहेबाला जाणून घ्यायचं होतं ते एवढंच, की या विहिरींचा उपयोग झाला का? झाला असेल तर तशाच विहिरी बाळापूर-पातूरच्या वाटेवर पुऱ्या करायच्या. पातूरला तर साहेबानं घाईघाईनं खोदाई सुरूही करवली होती, माझ्या सासऱ्यांच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. आणि माझी बायको पहिल्या बाळंतपणाला त्याच घरात गेलेली. तिला पाणी दाराशी येणार म्हणून सासरे ज्याला त्याला तो खड्डा दाखवत सुटले होते. तेव्हा "विहिरी उत्तम" असं झटपट लिहून मोकळं व्हावं, अशी माझी मनापासून इच्छा होती.

पहिलाच तळ निंबखेडचा. पाटलानं चावडीवर गाव जमवलं होतं. एकेक जण उठून सांगत होता, "सरकार मायबाप. नव्या इहिरीचं पानी म्हंजे अमृत हाये जी." मी लिहीत होतो. दाजीबा घोळक्याकडे बघत होते आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की आता येणार. आलंच. "अन् जे गेले, त्यांले पुसलं काय?"

पाटील दाजीबांची नजर टाळून हसला. "ते अमरावतीले गेले ना बाप्पा, कापसाच्या कामाले. त्यांले कुठं पुसता? घराले कुलपं हायेत."

"मंग घराले पुसू," दाजीबा म्हणाले.

गाडीवाल्यानं त्या आळीत यायला साफ नकार दिला. बैल बिचकतात म्हणाला. बैल बिचारे मजेत रवंथ करत होते. शेवटी आम्ही दोघंच चालत गेलो. दुपार ऐन भरात होती. आळीतल्या धुळीत पाऊल म्हणून उमटलेलं नव्हतं, कुत्रं नाही, शेळी नाही. एका उंबऱ्यापुढे रांगोळी इतकी फिकी झाली होती की पायाखाली आल्यावर कळली. पलीकडे कुठेतरी रहाटाची करकर चालली होती, तेवढाच आवाज.

दाजीबा पहिल्या दारापाशी गेले. जोडे काढले, सवाल घातले, विडा लावला. मी भिंतीच्या सावलीत उभा. मग दुसरं दार. मग तिसरं. माणूस थांबून राहिला की कान आपोआप लागतो, आणि कान लागला की नको ते ऐकू यावं असं वाटायला लागतं. सवाल संपल्यावर ती शांतता अशी काही जवळ यायची की मला वाटे, आत कोणीतरी दाराला कान लावून उभं आहे आणि आमच्यासारखीच वाट बघतंय.

चौथ्या दाराला फट होती. मी आत डोळा लावला. दाजीबांना ते आवडलं नाही. "दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, पंत." त्यांचंही बरोबर होतं. पण मी पाहिलं ते पाहिलंच. चुलीपुढे पितळी होती, तिच्यात अर्धी भाकरी वाळून कडक झालेली. पाट मांडलेला. खुंटीला तान्ह्या मुलाची कुंची. अमरावतीला कामाला जाणारा माणूस पितळी टाकून जाईल? आणि मूल घेऊन जाईल तो कुंची ठेवून जाईल? मी दाजीबांना म्हणालो, "हे लोक कुठेही गेलेले नाहीत." ते विडा चघळत म्हणाले, "मी कुठं म्हनतो गेले म्हनून?"

त्या आळीच्या टोकाला निंबाखाली एक दार होतं. त्यालाही कुलूप. दाजीबा त्या दारावरून तसेच पुढे गेले. जोडे नाहीत, सवाल नाहीत, विडा नाही. मान खाली घालून भराभर चालत आळीबाहेर पडले. मला नवल वाटलं. एक दार सोडायचं नाही म्हणून पुरणपोळीवर पाणी सोडणारा माणूस हा. मी क्षणभर त्या दारापाशी रेंगाळलो, आणि तेवढ्यात आतून जात्याची घरघर ऐकू आली.

आवाज मंद होता, पण जात्याचाच. कुलूप माझ्या नाकासमोर, गंजलेलं. शेजारची घरंही बंद. घरघर थोडा वेळ चालली, थांबली, पुन्हा लागली, जशी दळणारी मधेच मूठ घालायला थांबते. मग मी थांबलो नाही. पळताना निसटलेला एक जोडा हातात घेऊनच गाडीपर्यंत आलो. दाजीबांनी काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सांगून हसं कोण करून घेणार?

अकोल्याला परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत कागद पुढे घेऊन बसलो होतो. "विहिरी उत्तम" एवढं लिहायचं होतं. बाहेर चपराशी विहिरीवर पाणी काढू लागला आणि रहाटाची करकर ऐकून माझ्या हातावर काटा आला. का आला ते मला एकदम कळलं. निंबखेडला प्रत्येक बंद दारापाशी मी नव्या विहिरीच्या रहाटाची हीच करकर ऐकत उभा होतो. चावडीवर ती ऐकू येत नव्हती. चावडीकडचे लोक पाटलाच्या जुन्या विहिरीवर पाणी भरत होते. कुलपं होती ती सगळी नव्या विहिरीच्या अंगाला.

मी धावत दाजीबांकडे गेलो. "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"नाही बा," ते म्हणाले. "मी कुठं रहाट ऐकून राह्यलो होतो? मी त्यांचं ऐकून राह्यलो होतो."

आम्ही साहेबापुढे उभे राहिलो. साहेबानं दाजीबांनी लिहिलेल्या कुलपांच्या जबान्या वाचल्या आणि कपाळाला हात लावला. "मुन्शी, ताला क्या बोलता है? कुछ नहीं बोलता."

"नाहीच बोलत साहेब," दाजीबा म्हणाले. "तेच लिहिलं हाये."

माझी मात्र गाळण उडाली होती. पातूरचा खड्डा रोज खोल होत होता आणि पाणी लागलं की माझी बायको त्याचं पाणी पिणार होती. मी साहेबाला रहाटाचं सांगितलं, पितळीचं सांगितलं, कुंचीचंही सांगितलं. जात्याचं तेवढं गिळलं. साहेबानं घोडा मागवला.

निंबखेडला साहेब त्या आळीत उन्हात उभा राहिला. एका दारापाशी थांबला, रहाट ऐकला, पुढच्या दारापाशी थांबला, पुन्हा ऐकला. मग विहिरीवर गेला. विहिरीला कठडा नव्हता. गाडीवाले काठावरच अंघोळ करत होते, बैल धूत होते, भांडी विसळत होते, आणि सांडलेलं सगळं पाणी परत विहिरीत उतरत होतं. साहेबानं पाटलाकडे नुसतं पाहिलं. पाटलानं पागोटं काढून हातात घेतलं. "ते पटकीनं गेले जी, सारे. मी बोल्लो असतो तं तळ उठला असता. तळावरच गाव जगून राह्यलं, साहेब."

हुकूम निघाला. सगळ्या तळांच्या विहिरींना उंच कठडे, भोवती दगडी फरशी, पाणी बाहेर जाईल असा उतार, बैलांचा हौद लांब खालच्या अंगाला. पातूरचा खड्डा बुजवून विहीर तळाच्या वरच्या अंगाला नेली. सासरे माझ्यावर रागावले, पाणी दारातून लांब गेलं म्हणून. मी ऐकून घेतलं. त्या मोसमात पटकी पातूरलाही येऊन गेली, पण सासऱ्यांच्या आळीत शिरली नाही. माझ्या बायकोला मुलगी झाली. दोघी खुशाल.

मी साखरेची पुडी घेऊन दाजीबांकडे गेलो. त्यांनी चिमूट हातावर घेतली, पण तोंडात टाकली नाही. म्हणाले, "पंत, निकाल कळवाचा राह्यला."

"कोणाला?"

"ज्यांनी सांगतलं त्यांले. सरकार सवाल पुसते, जबाब घेते, अन् मंग काय झालं ते कोनी सांगाले येत नाही. हे बरं नाही दिसत."

मी हसणार होतो. पण मुलीचा बाप होऊन मला चारच दिवस झाले होते आणि हसू आलं नाही. आम्ही पुन्हा निंबखेडला गेलो.

दाजीबा पहिल्या दारापाशी उभे राहिले. जोडे काढले. "तुमचं सांगनं साहेबानं आयकलं जी. इहिरीले कठडा बांधला. पातूरची इहीर दूर नेली. तिथं या पंताले लेक झाली. मायलेकी बऱ्या हायेत." मग माझ्याकडे पाहिलं. मी उंबऱ्यावर साखर ठेवली. पहिल्या दारी मला शरम वाटली. तिसऱ्या दारी मीच आधी जोडे काढले. चौथ्या दारी, फट होती त्या, मी आत पाहिलं नाही. कुंचीच्या मालकाला मनातल्या मनात सांगितलं की माझी लेक तुझ्याएवढीच आहे.

टोकाच्या दारापाशी दाजीबा आळीच्या मधोमध थांबले. पुढे पाऊल पडेना. मी विचारलं, "मागच्या खेपेला हे दार तुम्ही का सोडलं?"

"हे गोदीचं घर," ते म्हणाले. "माही पोरगी. तिचं दुखनं कळलं तवा मी अकोल्याहून निघालो, पन सारी वाट कापसाच्या गाड्यांनी भरली होती. गाडी हालेच ना. पायी आलो तं कुलूप. सासरचं कोनीच उरलं नाही, पाटलानं घातलं ते." त्यांनी लांबूनच कुलपाकडे बोट दाखवलं. "बाकीच्या दारी जबाब नाही आला तं चालते, पंत. इथं नाही आला तं मी काय करू?"

मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघं निंबाखाली गेलो. त्यांनी जोडे काढले, पागोटं सारखं केलं. "गोदी, हायेस काय माय?" असं विचारलं, आणि बाकीच्या दारी सांगितलं तेच तिलाही सांगितलं. मग विडा लावला. चघळला नाही, गालातच धरून उभे राहिले. रहाट चालू होता. वारा नव्हता. विडा संपणार कसा, तो तसाच गालात. शेवटी त्यांनी न बघताच मला विचारलं, "तुमच्या कानावर काही आलं काय?"

"आत्ता नाही," मी म्हणालो. खोटं बोलवेना, आणि पुढचं सांगितल्याशिवाय राहवेना. "पण मागच्या खेपेला तुम्ही पुढं गेल्यावर आलं होतं. आत जातं चाललं होतं. मी घाबरून बोललो नाही."

ते माझ्याकडे वळले. "दुपारी?"

"भर दुपारी."

दाजीबांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी असं हसताना पाहिलं नव्हतं. "सकाळी कदीच दळलं नाही तिनं," ते म्हणाले. "माह्या घरीबी नाही. सासू बोले, शेजारनी हासत, पन ही आपली दुपारीच बसे." त्यांनी ओट्यावरची धूळ उपरण्यानं झटकली, दाराला पाठ टेकून खाली बसले आणि अगदी घरातल्या आवाजात म्हणाले, "दळून घे माय. आमाले घाई नाही."

मी त्यांच्या शेजारी बसलो, चंची माझ्याकडे ओढली आणि दुसरा विडा लावायला घेतला.